पारवा रंग आणि उठून गेलेली आजी

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं मला एका दमात तीन प्रश्न विचारले. "मॅडम, तुमच्या चित्रांत कायम रिकाम्या खोल्या आणि करडा रंगच का? काढताना तुम्ही उदास असता का? आणि चित्राचा अर्थ आधी ठरवता की मागाहून सापडतो? आम्हाला परीक्षकांसमोर आपल्या चित्राचा अर्थ सांगावा लागतो आणि माझी दर वेळी ततपप होते."

उदासीचं आधी उरकून टाकते. माझ्या घरी हा प्रश्न वाचून दाखवलास तर सगळे हसतील. मी सकाळी उठल्यापासून बडबडते, रेडिओ लावल्याशिवाय ब्रश हातात धरत नाही, आणि ज्या चित्रापुढे उभं राहून लोक सर्वांत जास्त गप्प होतात ते मी ऐन मे महिन्यात, आंबे खात खात पुरं केलंय. कॅनव्हासच्या मागच्या अंगाला रसाचा डाग आहे. आमटी करणारीला स्वतःला भूक असो नसो, मीठ अंदाजानं आणि चव घेऊनच पडतं. चित्रातला भाव तसाच करावा लागतो. तो अश्रूंसारखा आपोआप ओघळत नाही. मन भरून आलेलं असताना मी काढलेली चित्रं बहुतेक वाईट झालीत, कारण अशा वेळी पुसायचं धाडस होत नाही.

मग हा भाव येतो कुठून, तर माझ्या बाबतीत एका माजघरातून.

माझं लहानपण राजापूर तालुक्यात गेलं. घर कौलारू. ओटी आणि पडवी उजेडाची, मधलं माजघर मात्र भर दुपारीही अंधारं. त्या अंधारात उजेड दोन वाटांनी शिरायचा. छपरात एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून चौकोनी पट्टा खाली यायचा आणि दिवसभर सरकत राहायचा, आधी कोनाड्याखालच्या भिंतीवर, मग जमिनीवर, मग जात्याशी. पट्टा जात्याला टेकला की पानं घ्यायची वेळ. दुसरी वाट म्हणजे कौलांमधल्या बारीक फटी. त्यांतून पडणारे कवडसे सगळे गोल. फट तिरकी असो की त्रिकोणी, जमिनीवर उमटायचा तो गोलच. ते गोल म्हणजे सूर्याचीच छोटी छोटी चित्रं असतात हे मला फार उशिरा कळलं, पण त्याचा पुरावा मी दहाव्या वर्षीच पाहिला होता.

१६ फेब्रुवारी १९८०. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारच्या बाजूनं गेला. आमच्याकडे सूर्याची कोर शिल्लक राहिली. दारं-खिडक्या लावून घरातले सगळे माजघरात बसले होते, लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा दर्भ ठेवलेले. दुपार कलताना शेणानं सारवलेल्या जमिनीवरचे कवडसे झिजायला लागले. बघता बघता एकूण एक कवडसा कोरीसारखा झाला. पंचवीस-तीस कोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. आम्ही पोरं उठायला लागलो तेव्हा आजी म्हणाली, "चंद्रकोरी पडल्यात, पाय देऊ नका."

मला भीती वाटली नव्हती. आनंदही नव्हता. ताकात पाणी वाढवत जावं तसा उजेड पातळ होत गेला होता, आणि आम्ही सगळे आवाज खाली आणून बोलत होतो. हे जे काही होतं त्याला मराठीत एक शब्द नाही. 'उदास' तर नक्कीच नाही. पस्तीस वर्षं मी बहुधा त्या दुपारच्या उजेडाचा रंग मिसळायचा प्रयत्न करतेय.

आता करड्याकडे येते, कारण खरी गंमत तिथं आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिलाय. शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा, आणि करुण 'कपोत', म्हणजे पारव्याच्या रंगाचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, करडा म्हणजे दुःख, दोन हजार वर्षांपूर्वीच ठरलंय. मग एकदा वसतिगृहाच्या खिडकीत बसलेला पारवा निवांत बघितला. (मुंबईत चित्रकाराला मॉडेल परवडत नाही, पारवे फुकट मिळतात.) अंग राखी, पण मान? मान वळवली की हिरवी, परत वळवली की जांभळी. मला तेव्हापासून वाटतं की ज्यानं करुणासाठी हा पक्षी निवडला त्याच्या चुलीत राख होतीच की. ती सोडून त्यानं पारवा घेतला. मराठीतही आपण साडीचा रंग सांगताना 'पारवा' म्हणतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

काळा आणि पांढरा मिसळून होणारा करडा सिमेंटचा असतो. मी पॅलेटवर काळा ठेवतच नाही. व्हिरिडियन हा गार हिरवा आणि अलिझरीन क्रिमसन हा जांभळटाकडे झुकणारा गडद लाल, हे दोघं एकमेकांना मारतात आणि जवळजवळ काळा तयार होतो. त्यात टिटॅनियम व्हाइट मिसळत गेलं की पारवा उतरतो. पारव्याच्या मानेतली जोडी ती हीच. हिरवा नखभर जास्त पडला तर भिंतीला पावसाळ्याची ओल येते, लाल नखभर जास्त पडला तर दिवेलागण होते. माझी सगळी चित्रं या नखभराच्या हिशोबावर उभी आहेत. म्हणून मी हे मिश्रण एकदम मोठं करून ठेवत नाही, पॅलेटवर दर वेळी नव्यानं करते. भिंतीचे दोन हात तंतोतंत एक आले नाहीत तर भिंत श्वास घेते.

पण एकट्या रंगाला स्वभाव नसतो, स्वभाव शेजारामुळे येतो. मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकाम-कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथं तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. त्यानं रंग तपासला तर रंग चोख. काळ्याला फिकं पाडत होते ते त्याच्या शेजारी विणलेले धागे. त्यावर त्यानं १८३९ साली जाडजूड ग्रंथ छापला. येवल्याच्या विणकराला हे सांगायला ग्रंथ लागला नसता, ताण्याचा एक रंग आणि बाण्याचा दुसरा घेऊन तो धूपछाव साडी विणतोच. तू घरी करून बघ. माझ्या करड्यासारखा करडा कागदावर लाव आणि त्याच्या कडेला नारिंगीची एक रेघ ओढ. करडा निळसर होतो, निळी ट्यूब न उघडता. आमच्या माजघरात चुलीचा धूर हेच करायचा. काळोखावर तो निळा दिसायचा, आणि पडवीच्या दारातल्या उजेडावर तोच धूर तपकिरी.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर मी काम करत नाही. आधी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ हात देते, तो खडखडीत वाळू देते, आणि वरचा करडा असा लावते की जागोजाग खालची तांबूस जमीन डोकावेल. प्रदर्शनात लोक म्हणतात, "चित्र गार आहे तरी ऊब जाणवते." मी हो हो करते. ऊब जाणवणारच, ती खाली भरलीय ना!

हे सगळं किती नाजूक असतं त्याचा धडा एका गॅलरीनं दिला. त्यांनी माझ्या आठ चित्रांवर पिवळे हॅलोजन सोडले. ट्यूबलाइटच्या आणि खिडकीच्या उजेडात तोलून मिसळलेले करडे त्या दिव्यांखाली कोमट चहासारखे झाले. उद्‌घाटनाला आलेल्या एका गृहस्थांनी "छान, जुन्या फोटोंसारखी वाटतात" असं कौतुक केलं. मी दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढून निम्मे दिवे काढले. तेव्हापासून कुठंही चित्रं लावायची तर आधी दिवा कोणता ते विचारते, भाडं किती ते नंतर.

भाव एखाद्या टिचभर जागेत कसा असतो हे पाहायचं असेल तर म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' बघ. निरांजन घेऊन उभी असलेली बाई. खूप जण ते रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते हळदणकरांचं आहे, जलरंगातलं आहे, आणि मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी राहिली होती. आता त्यात 'अर्थ' म्हणून सांगण्यासारखं काय आहे? वाऱ्यापासून ज्योत जपायला तिनं हात आडवा धरलाय, एवढंच. पण त्या हाताच्या बोटांमधून उजेड आरपार आलाय, बोटं आतून लाल झालीत. जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागद राखून ठेवावा लागतो. म्हणजे पहिला हात फिरवण्याआधीच त्यांना ती बोटं कुठं उजळणार ते ठाऊक होतं. बोटं झाकून चित्र बघ, नुसती एक सुंदर बाई उरते.

आता तुझा तिसरा प्रश्न, अर्थाचा.

१९९८ साली मी एक चित्र करत होते, चार फूट बाय तीन. माजघर, काचेच्या कौलाचा पट्टा, आणि पाटावर बसून बिरड्यासाठी वाल सोलणारी आजी. तीन आठवडे खपले. आजीचा चेहरा उत्तम उतरला आणि तिथंच घोटाळा झाला. जो येई तो थेट चेहऱ्याकडे बघे, "अगदी हुबेहूब हो" म्हणे आणि निघून जाई. खोलीत कुणी शिरतच नव्हतं. एका संध्याकाळी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि आजीला पुसून काढलं. परात आणि पाट ठेवला. रिकामा पाट भिंतीशी समांतर होता तेव्हा तो नुसतं फर्निचर वाटत होता. जरा तिरका केला, आणि कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. सगळं चित्र त्या तिरकेपणावर आलं. फार वळवला तर भांडून उठल्यासारखं वाटे, कमी वळवला तर काहीच नाही. तो कोन सापडायला चार दिवस लागले.

मुंबईत ते लावलं तेव्हा एक बाई त्यापुढे रडल्या. आणखी कुणी 'मृत्यूचं चित्र' असं लिहिलं. माझ्या डोक्यात काय होतं सांगू? आजी विरजण मागायला शेजारी गेली होती. आणि विरजण मागायला गेलेली आजी तासाभराच्या आत परतत नसे हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. ती तेव्हा हयात होती, ठणठणीत होती, आणि चित्रातून आपल्याला पुसलं हे कळल्यावर तिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

मग त्या रडणाऱ्या बाई चुकल्या का? मला नाही वाटत. माझं चित्र एवढंच सांगतं की आत्ता इथं कुणीतरी होतं. ते तासाभरासाठी गेलं की कायमचं, हे चित्रात नाही; ते ठरवणारं काहीच मी काढलेलं नाही. मात्र याचा अर्थ 'ज्यानं त्यानं हवा तो अर्थ काढावा' असाही नव्हे. हे वाक्य चित्रकार फार सहज फेकतात आणि मला ते आळशीपणाचं वाटतं. कुणी म्हणालं असतं की हे संतापाचं चित्र आहे, तर मी वाद घातला असता. पाटाचा कोन दाखवला असता, कडा किती मऊ ठेवल्यात ते दाखवलं असतं. अर्थाला अंगण असतं, त्यात कुणी कुठंही बसावं. पण कुंपण मी घातलेलं असतं.

आणि माझ्याही लक्षात न आलेले अर्थ असतात. काही वर्षांपूर्वी प्रदर्शनासाठी सहा चित्रं स्टुडिओत ओळीनं लावली. ती सहा-सात वर्षांच्या काळात केलेली होती. एकत्र बघितल्यावर कळलं की सगळ्यांत क्षितिजरेषा फार खाली आहे. जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर डोळा. कोनाडे वर दिसतात, जात्याची वरची कड जेमतेम दिसते. उभ्या माणसाला खोली अशी दिसत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या दहा वर्षांच्या पोरीला दिसते. मी हे एकदाही ठरवलं नव्हतं. ग्रहणाच्या दिवशी बसलेली जागा मी सोडलीच नव्हती म्हणायची. आता हे कळल्यावर एक अडचण झालीय: मुद्दाम खाली बसून काढायला लागले की चित्र लाडिक होतं. म्हणून सध्या मी डोळ्याची उंची वाढवून बघतेय. जमत नाहीये अजून.

म्हणून परीक्षकांपुढे अर्थ सांगायला जाऊ नकोस. तू काय काय ठरवलंस ते सांग. हा रंग का घेतला, ही कड का सोडली, आणि मुख्य म्हणजे कुठं काय पुसलं. पुसलेल्याबद्दल बोलताना ततपप होत नाही, कारण ते प्रत्यक्ष घडलेलं असतं. 'माझं चित्र स्त्रीच्या एकटेपणावर भाष्य करतं' असलं वाक्य पाठ करून गेलीस तर पुढचा प्रश्न त्या वाक्यावर येईल, चित्रावर नाही.

नावांचंही तसंच. चित्रकार वासुदेव गायतोंडे जे. जे.मधूनच १९४८ साली बाहेर पडले. पुढं त्यांनी बहुतेक चित्रांना नावंच दिली नाहीत, आणि वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं केली. त्यांना ते शोभतं. मी नाव देते, पण वस्तूचं. 'पाट'. 'परात'. 'दुपारचे साडेतीन'. गॅलरीवाल्यांना 'विरह' वगैरे हवं असतं.

रिकाम्या खोल्यांवरून मला दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं की तुम्ही हामरशॉयवरून घेतलंय का. विल्हेल्म हामरशॉय, डॅनिश, १८६४ ते १९१६. कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड ३० या पत्त्यावरच्या घरात १८९८ ते १९०९ राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवल्या, करड्या भिंती, उघडी दारं, कधी पाठमोरी बायको. मला त्याची चित्रं चाळिशीत पुस्तकातून दिसली. पहिली भावना कौतुकाची नव्हती, मत्सराची होती. माझी खोली कुणीतरी आधीच झाडून ठेवली होती. मग नीट बघितल्यावर जीव भांड्यात पडला. त्याचा उजेड बाजूच्या खिडकीतून येतो आणि भिंतीवर विसावतो. माझा वरून येतो आणि सरकत असतो. त्याच्याकडे घड्याळ थांबलंय, माझ्याकडे जेवायची वेळ होतेय.

शेवटी त्या पाटाच्या चित्राचं पुढं काय झालं ते सांगायला हवं, कारण मी करड्याबद्दल एवढ्या तोऱ्यात बोलले.

अलिझरीन क्रिमसनमधलं अलिझरीन पूर्वी मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर या झाडाच्या मुळांपासून काढत, १८६८ साली जर्मनीत ते प्रयोगशाळेत तयार झालं. रंग देखणा, पण उजेडात टिकत नाही. त्यातून पांढऱ्यात मिसळून फिका केला तर लवकर उडतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण तेव्हा तोच स्वस्त मिळे, आणि वीस वर्षांनंतरचा विचार तिशीच्या आत कोण करतं! हल्ली मी त्याच्या जागी क्विनाक्रिडोनचा लाल वापरते. तूही तोच घे.

ते चित्र पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं घेतलं होतं, हप्त्याहप्त्यानं पैसे देऊन. २०१९ मध्ये त्यांनी चौकट बदलायची म्हणून बोलावलं. गेले आणि दारातच थबकले. चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर एकवीस वर्षं होतं. करड्यातला लाल उडून गेला होता, व्हिरिडियन जागच्या जागी. सगळ्या भिंती शेवाळी झाल्या होत्या. फेब्रुवारीतली दुपार मी रंगवली होती आणि समोर श्रावण होता.

मी म्हटलं, "मी दुरुस्त करून देते, पैसे नकोत." त्यांनी चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "काय दुरुस्त करणार?" त्यांना बदल दिसलाच नव्हता, रोज बघत होत्या ना. मी जुनी चौकट उकलून दाखवली. लाकडाच्या ओठाखाली जिथं उजेड पोचला नव्हता तिथं चारी बाजूंनी करंगळीएवढी पट्टी मूळ रंगाची राहिली होती, पारवी, आत जांभळट. त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून ती पट्टी बघितली. मग म्हणाल्या, "हे तुमचं. मधलं माझं. राहू द्या."

नवी चौकट मी त्या पट्टीपुरती रुंद ओठाची करून घेतली आणि पट्टी झाकून टाकली.